वाघावर बसलेला साहेब



आपल्या शहरातून चाळीसगावकडे निघालेली मोटार कन्नड सोडून घाट उतरू लागली म्हणजे चालक म्हणतो, 'औट्रम घाट लागला.' पावसाळ्यात दरड कोसळली की वर्तमानपत्रात हेच नाव छापून येते. वाहनांची रांग लागली की चहाच्या टपरीवर हेच नाव ऐकू येते. हा औट्रम कोण, आणि त्याचे नाव आमच्या डोंगराला कसे चिकटले, हे त्या रांगेतल्या शंभरांपैकी एकालाही सांगता यावयाचे नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हांसही सांगता आले नसते. घाटाच्या वर आणि खाली भिल्लांच्या आणि ठाकरांच्या वस्त्या आहेत. त्यांच्यापैकी कोणाचे नाव त्या रस्त्यावरच्या फलकावर आम्ही आजवर पाहिलेले नाही.

आजचा विषय आहे गोऱ्या राज्यकर्त्यांनी आपल्या कथाकादंबऱ्यांतून रंगविलेला आदिवासी. विषय विलायती वाटतो, पण त्याचे एक मूळ ह्या घाटात आहे, म्हणून सुरुवात येथूनच करावयाची.

रड्यर्ड किपलिंग हे नाव आपणांस 'जंगल बुक'मुळे ठाऊक आहे. जन्म मुंबईचा, 1865 चा. 1907 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या किपलिंगची 'द टूम ऑफ हिज अँसेस्टर्स' नावाची एक मोठी गोष्ट आहे. मराठीत 'पूर्वजांची समाधी' म्हणता येईल. ती 1897 च्या डिसेंबरात मासिकांतून आली आणि पुढच्या वर्षी 'द डेज वर्क' ह्या संग्रहात समाविष्ट झाली. गोष्ट सातपुड्यातील भिल्लांची आहे. थोडक्यात सांगतो.

चिन नावाचे एक इंग्रज घराणे आहे. त्याच्या पिढ्यान् पिढ्या भिल्लांवर अंमल करण्यात गेल्या. थोरल्या जॉन चिनने भिल्लांना 'माणसाळविले', तो तेथेच वारला आणि डोंगरात त्याची समाधी झाली. त्याचा नातू, तोही जॉन चिनच, विलायतेतून शिकून भिल्लांच्या पलटणीत अधिकारी होऊन येतो. त्याच्या खांद्यावर आजोबांसारखीच जन्मखूण आहे. ती पाहून भिल्ल समजतात की आजोबाच पुन्हा जन्मास आले. त्याच सुमारास डोंगरात वदंता उठते की थोरले चिनसाहेब रात्री वाघावर बसून फिरतात, आणि ते काहीतरी अरिष्टाचे चिन्ह आहे. कारण असे की सरकारने देवी टोचण्यासाठी माणूस पाठविलेला आहे. भिल्ल घाबरतात, त्या माणसाला बांधून ठेवतात, आणि बंड होणार असे दिसू लागते. नातू चिन एकटा डोंगरात जातो, आजोबांच्या अधिकाराने बोलतो, आणि सगळे भिल्ल लेकरांसारखे हात पुढे करून देवी टोचून घेतात. शेवटी तो त्या वाघाचीही शिकार करतो. एक गोळी बंदुकीची सुटते ती वाघासाठी. माणसांचे काम नुसत्या नावाने होते.

गोष्ट लिहिणाऱ्याचा हात मोठा आहे, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. आम्ही ती कोशाच्या मदतीने, अडखळत वाचली, आणि तरी रात्री दीड वाजेपर्यंत खाली ठेवली नाही. भिल्लांबद्दल त्यात द्वेष नाही. उलट माया आहे. माणूस कुत्र्यावर करतो, घोड्यावर करतो, फार तर परक्याच्या मुलावर करतो, तशी ती माया आहे. ज्याला आपण शिव्या देणारा साहेब म्हणतो त्याच्याशी भांडणे सोपे असते. माया करणाऱ्या साहेबाशी भांडण कसे करावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

आता ह्या गोष्टीला आधार काय होता ते पाहू.

1818 साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला. सातपुडा, सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर तेव्हा भिल्ल नाईकांच्या ताब्यात होते. ताबा म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. घाटाची राखण करणे, गावाची जागल करणे, आणि त्याबद्दल गावाकडून व वाटसरूंकडून ठरलेला हक्क घेणे, ही त्यांची वहिवाट होती. राज्यकर्ते बदलले, होळकर-शिंद्यांच्या झुंजीत मुलूख उद्ध्वस्त झाला, 1803-04 चा भयंकर दुष्काळ पडला. गावेच ओस पडली तेथे हक्क कोण देणार? हक्क मिळेनासा झाला तेव्हा तो जबरीने वसूल होऊ लागला. जबरीने वसूल करणाऱ्यास सरकारी कागदात दरोडेखोर म्हणतात. कागद हातात नसलेल्या माणसाचा हक्क कागदवाल्याच्या दृष्टीने नेहमीच दरोडा असतो.

इंग्रजांनी प्रथम सैन्य पाठवून, नाईकांना धरून व फाशी देऊन पाहिले. सात वर्षे गेली, पण डोंगर शांत होईना. तेव्हा 1825 साली माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी काढण्यात आल्या, आणि त्यांतील दक्षिणेकडची आपल्या कन्नडला होती. रिग्बी आणि त्यानंतर ओव्हन्स हे अधिकारी तेथे होते. भिल्लांना डोंगरातून खाली आणावे, जमीन द्यावी, बैल-बियाण्यासाठी तगाई द्यावी, त्यांच्या जुन्या हक्कांची चौकशी करावी, असे ते काम. त्याच साली धरणगावला भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचे काम बावीस वर्षांच्या एका लेफ्टनंटकडे आले. तोच जेम्स औट्रम. वाघाच्या शिकारीत तो भिल्लांबरोबर पायी हिंडे, त्यांच्याबरोबर उठेबसे. आणि ज्या भिल्लांशी लढला त्यांच्याच भाऊबंदांना त्याने शिपाई केले. 1835 पर्यंत तो खानदेशात होता. तो गेल्यावर पुष्कळ वर्षांनी त्याच्या काही जुन्या शिपायांना एक ओबडधोबड मूर्ती सापडली. तिचा चेहरा साहेबासारखा दिसतो असे वाटून त्यांनी ती 'औट्रमसाहेब' म्हणून पुजली, अशी हकीकत इंग्रजी पुस्तकांतून मोठ्या कौतुकाने सांगितलेली आढळते.

किपलिंगचा चिन हा अशा माणसांवरून घडविलेला आहे. त्यात बिहारमधील भागलपूरच्या ऑगस्टस क्लीव्हलँडचाही अंश आहे. हा राजमहालच्या पहाडियांवरचा अधिकारी, 1784 साली ऐन तिशीच्या आत वारला. रक्तपात न करता त्याने रानटी लोकांना पूर्ण अंकित केले, अशा आशयाचा लेख त्याच्या स्मारकावर आहे. गोष्टीतील समाधीवरचा लेखही त्याच वळणाचा आहे. दोन्ही ठिकाणी शब्दांची मांडणी पाहण्यासारखी आहे: साधन प्रेमाचे, पण साध्य काय, तर अंकित करणे.

मेडोज टेलर हे दुसरे नाव आपल्या शहराच्या माणसाने विसरू नये. 1824 साली, सोळा वर्षांचा असताना, मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडची नोकरी सोडून तो निजामाच्या फौजेत शिरला, आणि रुजू झाला तो औरंगाबादेला. ठगांवरची त्याची कादंबरी 1839 साली निघाली आणि विलायतेत तिने धमाल उडविली. ठगांना आदिवासी म्हणता येणार नाही; पण 'जन्मजात गुन्हेगार' ही कल्पना इंग्रजी वाचकाच्या डोक्यात पक्की करण्यात त्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे, आणि 1871 साली ती कल्पना गुन्हेगार जमातींचा कायदा होऊन बसली. तो कायदा 1952 साली उठला. कायदा उठला इतकेच म्हणतो. पुढे टेलर सुरपूरच्या बेरड संस्थानात कारभारी होता. तेथील लोक आपल्याला 'महादेवबाबा' म्हणत, असे त्याने स्वतःच आत्मचरित्रात नमूद केले आहे. टेलर माणूस चांगला होता, तळी बांधणारा, रयतेचे ऐकणारा. पण औट्रमची मूर्ती, टेलरचे महादेवपण आणि चिनचा वाघ ही तिन्ही ओळीने मांडली म्हणजे कळते की साहेबाला देव होणे मनापासून आवडत असे, आणि आपण देव झालो ही बातमी विलायतेस कळविणे त्याहून आवडत असे.

गोष्टीत जे नाही तेही मोजले पाहिजे. धरणगावच्या पलटणीचे शिपाई भिल्ल होते आणि त्यांना ज्यांच्यावर पाठविले तेही भिल्लच होते. 1830 साली औट्रमने डांगवर मोहीम नेली ती ह्याच पलटणीच्या जोरावर. 1857 आली तेव्हा सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा, कंपनीच्याच चाकरीतला खाज्या नाईक उलटला. एप्रिल 1858 मध्ये सातपुड्यात आंबापाणीला त्याच्या लोकांची इंग्रजी फौजेशी मोठी लढाई झाली. इकडे नगर-नाशिक भागात भागोजी नाईक दोन वर्षे लढत राहिला आणि 1859 साली सिन्नरच्या बाजूला पडला. किपलिंगने गोष्ट लिहिली तेव्हा ह्या लढायांना चाळीस वर्षेही झालेली नव्हती. त्याच्या सातपुड्यात त्यांची एक गोळीही ऐकू येत नाही. 1878 चा जंगल कायदाही तेथे नाही, सरकारी रखवालदार नाही, सावकार नाही. त्याच्या भिल्लांना एकच दुःख आहे, ते म्हणजे अडाणीपणाचे. आणि एकच औषध आहे, ते म्हणजे साहेब.

एक बारीक गोष्ट सांगतो. किपलिंगने आपल्या भिल्ल पलटणीला नाव दिले आहे 'वड्डर'. आपल्याकडे वडार म्हणजे दगड फोडणारे, मातीकाम करणारे लोक. त्यांचा भिल्लांशी संबंध नाही. आम्ही वडारांत काम केले आहे, त्यामुळे हे वाचून प्रथम हसू आले. मग वाटले, साहेबाला एवढी माया होती तर नावाची चौकशी करावयास काय हरकत होती? पण मायेला चौकशीची गरज पडत नाही.

आता त्या सालाकडे वळू. 1897 हे साल मराठी माणसाला सांगावे लागत नाही. आदल्या वर्षी मुंबईत प्लेग आला. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, कारण तेथे नेलेला माणूस परत येत नाही अशी त्यांची खात्री झाली होती. 1897 च्या आरंभी हाफकिनची लस निघाली; तिच्याबद्दल काय काय बोलले जात होते ते जुन्या वर्तमानपत्रांतून वाचावे. पुण्यात घरझडत्या झाल्या, 22 जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस विलायतेतला वाचक सातपुड्याची ही गोष्ट वाचतो, आणि तीत सरकारच्या सुईला भिणारे लोक एका देखण्या इंग्रज तरुणापुढे गुडघे टेकतात! त्या वाचकाला किती बरे वाटले असेल ह्याची कल्पना करावी. पुण्या-मुंबईच्या बोलक्या, लिहित्या, भांडखोर हिंदी माणसाने त्याला जेरीस आणले होते. येथे मात्र वर्तमानपत्र न वाचणारा, कौन्सिलात जागा न मागणारा हिंदी माणूस भेटत होता. आमच्या मते इंग्रजी कथेला भिल्ल आवडला तो ह्यासाठी.

ह्याचा पुरावा गोष्टीतच आहे. देवी टोचावयास आलेला तो बांधून ठेवलेला इसम कोण? तो आहे मराठी मुलखातला, सरकारी शाळेत शिकलेला. तो भित्रा आहे, हास्यास्पद आहे. एका टोकाला साहेब, दुसऱ्या टोकाला शूर रानटी, आणि मध्ये चार बुके शिकलेला हिंदी माणूस, त्याला सर्वांनी हसावयाचे. हे त्रिकूट वसाहतींच्या कथांतून इतक्यांदा येते की योगायोग म्हणता येत नाही.

पण येथे आपण स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. पुण्यातल्या लोकांनी सरकारी सक्तीला विरोध केला, त्याला आपण इतिहास म्हणतो. त्याच काळात डोंगरातल्या लोकांनी तसाच विरोध केला असता तर त्याला अंधश्रद्धा म्हटले असते. माणूस घाबरतो तेव्हा तो कशाला घाबरतो? सुईपेक्षा सुई आणणाऱ्याला घाबरतो. ज्या सरकारने आधी घाट घेतला, मग जंगल घेतले, ते आता हात मागते आहे; तेव्हा हात मागे घेणारा मनुष्य अडाणी म्हणावा की अनुभवी? देवीची लस हिंदुस्थानात 1802 पासून आहे, तिने लाखो जीव वाचविले, आणि आज हा रोग पृथ्वीवर उरलेला नाही, हे सर्व खरे आहे. तरीही भिल्लाचा संशय निराधार नव्हता.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की साहेबाची उणीदुणी काढणे सोपे आहे, साहेब गेला. म्हणून आता जे सांगतो ते जड जाईल.

खानदेशचे गॅझेटियर 1880 साली निघाले. त्यात मराठी अमलाच्या शेवटच्या काळात भिल्लांचे काय झाले ह्याची नोंद आहे. माफीचे वचन देऊन लोकांना एकत्र बोलवावयाचे आणि कापून काढावयाचे, असे कोपरगावास झाले, धरणगाव-चाळीसगावासही झाले. बायकापोरांनाही सोडले नाही. आणि अंतूर किल्ल्याच्या कड्यावरून भिल्लांना लोटून देत असत. अंतूर कोठे आहे? आपल्याच कन्नड तालुक्यात. सहलीला जाणारी मुले तेथे तटावर उभी राहून छायाचित्रे काढतात. आम्हीही एकदा तेथे जेवणाचे डबे उघडून बसलो होतो.

इंग्रज लेखकाला आमचे क्रौर्य वाढवून सांगण्यात फायदा होता, हे आम्ही जाणतो. आमच्या राज्याची काळी बाजू जितकी काळी दिसेल तितके त्याचे राज्य पांढरे. पण म्हणून सगळेच खोटे ठरत नाही. साक्षीदार स्वार्थी असला तरी त्याची साक्ष तपासावी लागते, फेकून देता येत नाही. हे आम्ही कामगार न्यायालयाच्या बाकावर शिकलो. ऑस्ट्रेलियात गोरा मनुष्य वस्ती करून राहिला, त्याला वसाहतवाला म्हणतात. आपल्या डोंगरांत गोरा मनुष्य राहिला नाही. बंगला बांधून शिकार करून निघून गेला. भिल्लाच्या जमिनीत कायमचा राहावयास कोण आला? सावकार आला, ठेकेदार आला, बागाईतदार आला. ते मराठी बोलत होते. तेव्हा 'वसाहतवाल्यांची दृष्टी' असा विषय निघाला की आरशाकडे पाठ करून बसता येणार नाही.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण थोडक्यात देतो, कारण ताडून पाहण्यास ते उपयोगी आहे. 1838 च्या जून महिन्यात न्यू साउथ वेल्समध्ये मायल क्रीक येथे किमान अठ्ठावीस आदिवासी, त्यांत बहुतेक बायका, मुले आणि वृद्ध, गोऱ्या गुराख्यांनी बांधून नेऊन ठार केले. त्याबद्दल सात गोऱ्यांना फाशी झाली, आणि गोऱ्या वस्तीला आश्चर्य वाटले ते खुनांचे नव्हे, फाशीचे. पुढे 1848 पासून तेथेही आदिवासींचेच पोलीस करून आदिवासींवर सोडण्यात आले. आमच्या भिल्ल पलटणीचा हा जुळा भाऊ. तेथल्या जुन्या कादंबऱ्यांत काळा मनुष्य असतो तो बहुधा झाडाआडची सावली म्हणून, नाही तर माग काढणारा इमानी नोकर म्हणून. 1929 साली कॅथरिन सुसाना प्रिचर्ड ह्या लेखिकेने 'कूनार्डू' लिहिली. तीत एक आदिवासी स्त्री नायिका झाली, तिच्यावर गोऱ्या मालकाचे प्रेम आहे असे दाखविले, तेव्हा केवढी खळबळ उडाली! ही लेखिका साम्यवादी होती, कामगारांत वावरलेली होती. तरी तिची नायिका सोसते फार आणि बोलते थोडे. ती भूमी कोणाचीच नव्हती, हा गोऱ्यांचा कायदेशीर सिद्धान्त तेथल्या वरिष्ठ न्यायालयाने 1992 साली, एडी माबो ह्यांच्या खटल्यात, खोटा ठरविला. दोनशे वर्षे तो टिकला. कायद्याने टिकला तसा कथांनीही टिकला, कारण कथेत जो मनुष्य सावली असतो त्याच्या नावावर सातबारा कोण चढविणार?

आपल्या मराठीत काय आहे? 'वाल्याचा वाल्मीकी झाला' हे आपण दिवसातून एकदा तरी म्हणतो. वाल्या कोण? कोळी. तो कोळी आहे तोवर वाटमारी करतो. ऋषी भेटला की सुधारतो, आणि सुधारल्यावर कोळी राहत नाही. किपलिंगची गोष्ट हिच्याहून फार निराळी आहे काय? एकलव्याचे तर आपण कौतुकच करतो, अंगठा दिल्याबद्दल. आम्ही शाळेत होतो तितकी वर्षे गुरुभक्तीचा धडा म्हणूनच ती कथा ऐकली.

चांगली उदाहरणेही आहेत आणि ती सांगावयास आनंद वाटतो. गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' 1965 ची. त्यातला ठाकर आपल्या जिद्दीने उभा राहतो. त्याला तारावयास कोणी साहेब किंवा मास्तर येत नाही. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे 1970 साली आले. ते कथा-कादंबरी नव्हे, पण 1945 च्या वारल्यांच्या लढ्यात वेठ आणि लग्नगडीपणा कसा मोडला हे त्यात आहे, आणि कोणत्याही कादंबरीहून ते आम्हांला अधिक घेऊन गेले. शहाद्याकडे 1970 नंतर अंबरसिंग सुरतवंतींसारखा भिल्ल पुढारी उभा राहिला, श्रमिक संघटना निघाली, आणि त्या चळवळीतून वाहरू सोनवणे हे भिल्ल कवी आले. त्यांचा 'गोधड' हा संग्रह 1987 चा. व्यासपीठावर बसून आदिवासींचे दुःख आदिवासींनाच समजावून सांगणाऱ्या मंडळींवर त्यांची एक कविता आहे. ती वाचल्यापासून आम्ही व्यासपीठावर जरा अवघडून बसतो. आजही बसलो आहोत.

आणि आपल्याच जिल्ह्यातली पारो. मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होता. पारो त्याच्यापाशी राहत असे. अजिंठा गावात तिची कबर आहे, तिच्यावर 23 मे 1856 ही तारीख कोरलेली आहे. गिलची कबर भुसावळला. पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी ह्या दोघांवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले, पुढे त्यावर चित्रपट निघाला. काव्य सुंदर आहे. पण ती कबर पाहताना आमच्या मनात येते की गिलची चित्रे, छायाचित्रे, पत्रे आहेत, आणि पारोची एक तारीख आहे. बाकी जे आहे ते आपण तिच्या तोंडी घातलेले.

किपलिंगच्या गोष्टीकडे शेवटचे एकदा जाऊ, कारण तीत एक माणूस आहे ज्याला लेखकाने पुरते ओळखले नाही असे आम्हांस वाटते. त्याचे नाव बुक्ता. पलटणीतला वृद्ध भिल्ल शिकारी. तरुण चिनला त्याने लहानपणी खेळविले आहे. आता नीट पाहा. साहेबाची जन्मखूण लोकांपर्यंत कोण पोहोचवितो? डोंगरात काय शिजते आहे ते साहेबाला कोण सांगतो? त्याला योग्य वेळी योग्य जागी कोण नेतो? प्रत्येक वेळी बुक्ता. बंड झाले तर फौज येईल, आपली माणसे मरतील, हे त्याला ठाऊक आहे. देवी निघाली तरी माणसे मरतील, हेही त्याने पाहिले असणार. तेव्हा तो एका पोरसवदा साहेबाला वाघावर बसवितो आणि आपले काम करून घेतो. मुत्सद्दी तो आहे. किपलिंगचा हात इतका पक्का की खरी गोष्ट त्याच्या हातून उतरली; डोळे मात्र वाघावर बसलेल्यावर खिळलेले.

हे आम्हांला कसे सुचले ते सांगतो आणि थांबतो. पुस्तकातून सुचले नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी येथल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कन्नड भागातले काही भिल्ल कामगार होते. त्यांची नावे हजेरीपटावर होती, पण आडनावाच्या जागी सगळ्यांना एकच शब्द लिहिलेला होता, 'भिल'. एका सकाळी भांडारातून तांब्याच्या तारेची भेंडोळी नाहीशी झालेली आढळली. पाळीवर साठ माणसे होती. अडवून ठेवली ती ही पाच. आम्हांला निरोप आला, आम्ही गेलो, व्यवस्थापकापुढे बसलो आणि आमच्या परीने उत्तम भाषण केले. म्हणालो, ही रानातली भोळी माणसे, ह्यांना चोरी ठाऊक नाही, मी ह्यांचा जामीन राहतो, ह्यांना सोडा. व्यवस्थापक विरघळला. पाचही जण सुटले. फाटकाबाहेर आल्यावर जय मिळाल्याच्या आनंदात आम्ही चहा मागविला.

त्यांच्यात एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "भाऊ, तुम्ही आम्हाला सोडवलं, उपकार झाले. पण भोळे कशाला म्हणाला? उद्या तार परत गेली तर पुन्हा आम्हालाच धरतील, आणि तुम्ही पुन्हा भोळे म्हणाल. फाटकावरची वही तपासा म्हणायचं होतं."

आम्ही वीस वर्षे संघटनेत होतो. वही तपासा, हे आम्हांला सुचले नव्हते. साठांतल्या इतर कोणावर आळ आला असता तर पहिले वाक्य तेच निघाले असते.

दुसऱ्या दिवशी पत्र दिले आणि वही मागितली. चार दिवस टाळाटाळ झाली. पाचव्या दिवशी वही पुढे आली. त्या रात्री ठेकेदाराची एक गाडी भंगार म्हणून बाहेर गेली होती, परवानगीच्या कागदावर सही होती, आणि वजनाचा रकाना कोरा होता. पाचही जणांची थांबविलेली मजुरी पुढच्या पगारात मिळाली. हजेरीपटावरची आडनावे दुरुस्त व्हावयास आणखी चौदा महिने लागले.